आई-बाबा तिकडे आजारी, नोकरी इकडे: एफएमएलएच्या रजेबद्दल

सावनी_ह्यूस्टन

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांसाठी हा धागा काढते आहे. मी एका रुग्णालय-समूहाच्या एचआरमध्ये रजेचे अर्ज बघते. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून तोच निरोप येतो: बाबांना अचानक ॲडमिट केलंय, पीटीओ (भरपगारी सुट्टी) संपत आलाय, मॅनेजर म्हणतो दोन आठवड्यांच्या वर जमणार नाही, राजीनामा देऊ का? खाली उत्तरंही तीच. एफएमएलए बाळंतपणासाठी असते. पेशंट अमेरिकेत असावा लागतो. व्हिसावाल्यांना मिळत नाही. ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती खरी मानून माणसं नोकरी सोडून विमानात बसतात याचा मला मनापासून त्रास होतो.

१९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्ट, म्हणजेच एफएमएलए, पात्र कर्मचाऱ्याला १२ महिन्यांत १२ आठवड्यांची रजा देतो. रजा बिनपगारी असते, पण परत आल्यावर तीच किंवा तिच्या तोडीची जागा द्यावी लागते आणि मधल्या काळात आरोग्य विमा होता तसाच चालू ठेवावा लागतो. स्वतःचं गंभीर आजारपण, बाळाचा जन्म किंवा दत्तक, आणि नवरा-बायको, मूल, आई किंवा वडील यांचं गंभीर आजारपण, ही त्यातली मुख्य कारणं. आई-वडील कुठल्या देशात राहतात याची अट कायद्यात कुठेही नाही. उलट नियमांत स्पष्ट लिहिलंय की नातेवाईक दुसऱ्या देशात राहत असेल तर कंपनीने तिथल्या डॉक्टरचं प्रमाणपत्र स्वीकारायला हवं. ते इंग्रजीत नसेल तर कंपनीने मागितल्यावर लेखी भाषांतर द्यायचं, एवढंच.

पात्रता अशी: कंपनीत ५० किंवा जास्त माणसं हवीत, तुमच्या ऑफिसपासून ७५ मैलांच्या आत ५० हवीत, तुम्हाला नोकरीत १२ महिने झालेले हवेत आणि मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष काम १२५० तास झालेलं हवं. भरपगारी सुट्टीचे तास यात धरत नाहीत. सरकारी कार्यालयं आणि शाळा ५० च्या आतल्या असल्या तरी कायद्याखाली येतात, पण तिथल्या कर्मचाऱ्यालाही बाकीच्या अटी लागू असतात.

आता माझी कळकळीची विनंती. मॅनेजरशी नुसतं तोंडी बोलून निघू नका. एचआरला ईमेल करा, अगदी विमानतळावरून केली तरी चालेल. "घरी अडचण आहे" असं मोघम लिहू नका. "वडील रुग्णालयात दाखल आहेत, आजार गंभीर आहे, त्यांच्या देखभालीसाठी रजा हवी आहे" इतकं लिहा. कायद्याचं नाव घ्यायला हवंच असं नाही, पण घ्या. त्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत तुम्ही पात्र आहात की नाही हे कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र आणायला तुम्हाला किमान १५ दिवस मिळतात.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देते. स्वतः या वाटेने गेलेल्यांनीही लिहावं.

केतकी_प

सावनी, फार गरजेचा धागा. आईची बायपास ठरली आहे, नाशिकला, दोन महिन्यांनी. मी एच-१बी या कामाच्या व्हिसावर. पगार बंद झाला तर इथे राहायचं स्टेटस जातं असं सगळे म्हणतात. खरं का?

सावनी_ह्यूस्टन

केतकी, नाही. कंपनीने काम नाही म्हणून घरी बसवलं तर एच-१बीवाल्याला पगार द्यावाच लागतो. पण आजारी नातेवाइकाच्या देखभालीसाठी रजा तू स्वतः मागितलीस तर पगार न देणं नियमात बसतं. नोकरी चालू आहे, तू रजेवर आहेस. त्या ईमेल जपून ठेव. शिवाय अमेरिकेबाहेर राहिलेले पूर्ण दिवस एच-१बीच्या सहा वर्षांच्या मुदतीत नंतर परत धरून मागता येतात.

तुझा खरा धोका वेगळा आहे. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला असेल तर परतताना स्टॅम्पिंग, म्हणजे वकिलातीतून नवा व्हिसा, लागेल, आणि वकिलातीच्या तारखेसाठी एफएमएलए थांबत नाही. १२ आठवडे संपले की जागा राखून ठेवायचं बंधनही संपतं. म्हणून आधी व्हिसाची तारीख बघ आणि मगच तिकीट काढ. शस्त्रक्रिया आधी ठरलेली असेल तर कंपनीला ३० दिवस आधी कळवावं लागतं. तुझ्याकडे दोन महिने आहेत, आजच कळव.

पराग_एडिसन

विम्याबद्दल भर घालतो. रजेत पगार नसल्यामुळे तुमच्या वाट्याचा हप्ता कापला जात नाही, तो वेगळा भरावा लागतो. हप्ता ३० दिवसांहून जास्त थकला तर १५ दिवसांची लेखी सूचना देऊन कंपनी विमा बंद करू शकते. ती सूचना इथल्या घराच्या पत्रपेटीत येऊन पडते आणि तुम्ही असता साताऱ्याला. निघण्यापूर्वी एचआरकडून हप्ता भरायची सोय लेखी घ्या.

दुसरं म्हणजे सगळे १२ आठवडे सलग घ्यावे लागत नाहीत. माझे वडील आमच्याकडे असतात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यातले दोन दिवस मी नेतो. अर्धा-अर्धा दिवस रजा लागते आणि तेवढेच तास १२ आठवड्यांतून वजा होतात. डॉक्टरांनी फॉर्मवर लिहून दिलंय: आठवड्यातून इतक्या वेळा, दर वेळी इतके तास. त्या एका ओळीवर सगळं चालतं. पहिल्या फॉर्मवर फक्त "वडिलांना मूत्रपिंडाचा आजार" असं होतं, तो एचआरने परत पाठवला. अपुरा फॉर्म दुरुस्त करायला सात दिवस मिळतात, तेवढ्यात काम झालं.

डॉ_सांगली

इकडच्या बाजूने लिहितो. परदेशातली मुलं आयसीयूच्या बाहेर हातात फॉर्म घेऊन उभी असतात आणि आम्हा डॉक्टरांना तो कशासाठी आहे हे ठाऊक नसतं. मग आम्ही डिस्चार्ज कार्डावर "ॲडव्हाइज्ड रेस्ट" लिहून मोकळे होतो. त्याचा या मुलांना काही उपयोग नाही.

नातेवाइकाच्या आजाराचा फॉर्म डब्ल्यूएच-३८०-एफ. त्यात विचारलेलं असतं की आजार कधी सुरू झाला, साधारण किती काळ चालेल, पेशंटला कशासाठी मदत लागेल आणि किती काळ लागेल. "माहीत नाही" किंवा "आजीवन" असं लिहिलं की फॉर्म परत येतो, हे मी आता शिकलोय. डॉक्टर मंडळींना सांगणं आहे, अंदाज लिहा: सहा आठवडे, तीन महिने. अंघोळ, औषधं, फिजिओथेरपीला नेणं, रात्रीची सोबत, हे सगळं वैद्यकीय गरजेत येतं. खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक आणि फोन स्वच्छ अक्षरात.

मुलांना सांगणं आहे, राउंडच्या वेळी सरांच्या समोर फॉर्म धरू नका. ओपीडी संपल्यावर या, तुमचं नाव-नातं आधी भरून आणा, शंभर प्रश्नांचा कागद वाटला तर रेसिडेंट डॉक्टरला सोबत बसवा. आणि पेशंट रुग्णालयात असतानाच घ्या. घरी गेल्यावर पाठीमागे लागणं सगळ्यांनाच जड जातं.

सावनी_ह्यूस्टन

डॉक्टर, हे सोन्यासारखं लिहिलंत, खूप आभार. रोज माझ्या टेबलावर येणारे निम्मे घोळ यातच आहेत.

ऋता_फिनिक्स

माझ्या एचआरने विचारलं, तुझा भाऊ पुण्यातच आहे ना, मग तू कशाला जातेस? मी गप्प बसले. असं विचारता येतं का?

सावनी_ह्यूस्टन

विचारलं तरी त्या कारणावरून रजा नाकारता येत नाही, ऋता. नियम सरळ आहे: देखभाल करणारी तू एकटीच असावीस अशी अट नाही. पेशंटला धीर देणं, मानसिक आधार देणं हेसुद्धा देखभालीत धरलं आहे. आईला लेक जवळ हवी असणं ही नियमांनीच मान्य केलेली गरज आहे. पुन्हा लेखी अर्ज कर.

मुक्ता_डॅलस

सासूबाईंना पक्षाघात झाला. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या फार जवळ आहे. माझा अर्ज नाकारला, म्हणे सासू कायद्यात येत नाही. तेरा-चौदा तासांच्या शिफ्टमुळे नवऱ्याला लगेच निघता येत नव्हतं. हे काय कायद्याचं शहाणपण?

सावनी_ह्यूस्टन

मुक्ता, वाईट वाटतं, पण एचआरने बरोबर सांगितलं. केंद्रीय कायद्यात सासू-सासरे येत नाहीत, भाऊ-बहीण आणि आजी-आजोबाही नाहीत. तुझा नवरा पात्र असेल तर त्याच्या आईसाठी त्याला रजा मिळेल. मला स्वतःला ही कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते. आपल्या घरांत सासूचं दुखणं सून काढते.

राज्यांचे कायदे यापुढे गेलेत. कॅलिफोर्नियात पाच माणसांच्या कंपनीलाही रजा द्यावी लागते आणि त्यात सासू-सासरे, भावंडं, आजी-आजोबा सगळे येतात. तिथे २००४ पासून बुडालेल्या पगाराची भरपाईही मिळते, सध्या आठ आठवड्यांपर्यंत. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीतही भरपाई मिळणारी कौटुंबिक रजा आहे आणि सासू-सासरे त्यात बसतात. टेक्सासमध्ये खासगी नोकरदारांसाठी असा राज्याचा कायदा नाही.

मुक्ता_डॅलस

समजलं. त्याची शिफ्ट बदलून घेतोय, तो जाईल. मी इकडे मुलांचं बघते.

अनिकेत_ऑस्टिन

माझे आई-वडील मी लहान असताना गेले, आजीने वाढवलं. आजी आता ८६ ची आहे, पाय मोडलाय. म्हणजे मलाही नाही?

सावनी_ह्यूस्टन

अनिकेत, तुम्हाला मिळू शकते. तुम्ही अठराच्या आतले असताना ज्याने आई-बापाच्या जागी राहून तुम्हाला सांभाळलं, तो कायद्याने पालकच. मग ती आजी असो, मामा असो किंवा आत्या. कोर्टाचा कागद असावाच लागतो असं नाही. नातं सांगणारं साधं लेखी निवेदन पुरतं: कधीपासून कधीपर्यंत आजीकडे राहिलात, खर्च कोण करायचं, शाळेत पालक म्हणून कोण होतं. जुना शाळेचा दाखला असेल तर सोबत जोडा.

पाऊसवेडी

लिहू की नको असा विचार करत होते. बाबांसाठी एफएमएलए घेऊन गेले. व्हेंटिलेटर, मग थोडं बरं, मग गेले. ज्या दिवशी गेले त्या दिवशी रजाही संपली. देखभालीची रजा असते, माणूस नसला की कारण उरत नाही. दहावं, तेरावं, बँकेची कामं, आईला एकटीला सोडून येणं, यातल्या कशालाच हा कायदा लागू नाही. कंपनीची शोकरजा जेमतेम तीन दिवसांची. मॅनेजर चांगली होती म्हणून पीटीओ उसना मिळाला. दुसऱ्या कुणाला हे ऐन वेळी कळू नये म्हणून लिहिते आहे. निघताना सगळी पीटीओ आधी वापरून टाकू नका.

सावनी_ह्यूस्टन

लिहिलंस हे फार मोलाचं केलंस. अडचण एवढीच की पीटीओ आणि एफएमएलए एकाच वेळी चालवायची सक्ती कंपनी करू शकते, आणि पुष्कळ कंपन्या करतात. तरी आधी विचारून घ्यावं. कॅलिफोर्नियात २०२३ पासून पाच दिवसांच्या शोकरजेचा वेगळा कायदा आहे, इलिनॉयमध्ये मोठ्या कंपन्यांत दहा कामकाजाचे दिवस. दुःखाने स्वतःलाच नैराश्य आलं, डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, तर ते तुझं स्वतःचं आजारपण म्हणून १२ पैकी उरलेली रजा मागता येते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कन्सल्टंट_बाबा

आमच्यासारख्यांचं काय? कंपनी न्यू जर्सीची, क्लायंट शार्लटचा, मी घरून काम करतो. ७५ मैलांत ५० माणसं कशी मोजायची?

सावनी_ह्यूस्टन

घर हे कामाचं ठिकाण धरत नाहीत. ज्या ऑफिसातून काम नेमून दिलं जातं किंवा ज्याला तुम्ही रिपोर्ट करता, ते तुमचं ठिकाण. त्या ऑफिसच्या ७५ मैलांत, घरून काम करून त्याच ऑफिसला रिपोर्ट करणारे धरून, ५० जण आहेत का ते बघा. क्लायंटच्या जागेवर प्रत्यक्ष जाऊन वर्षभर काम केलं असेल तर मात्र ती जागा मोजतात.

सॅन_अँटोनियो_आई

शीर्षकात नाही, पण एक भाग आपल्या लोकांना अजिबात माहीत नाही, तो मी लिहिते. माझा मुलगा यूएस आर्मीत आहे. आपल्या समाजात सांगितलं की लोक क्षणभर थांबतात आणि मग विचारतात, इंजिनिअरिंग नाही का केलं. मला त्याचा अभिमान आहे.

गेल्या वर्षी ट्रेनिंगमध्ये त्याच्या पाठीच्या कण्याला मार लागला. मी एचआरला कळवलं तर उत्तर आलं, मुलगा १८ च्या वरचा आहे, बसत नाही. साध्या एफएमएलएत ते खरं आहे. सज्ञान मूल अपंगत्वामुळे स्वतःचं करू शकत नसेल तरच येतं. पण लष्करातल्या जखमी माणसासाठी वेगळी रजा आहे, त्यात मुलाच्या वयाची अट नाही, आणि ती १२ नाही, एका १२ महिन्यांत २६ आठवडे मिळते. २००८ मध्ये ती कायद्यात आली. लढाईतच जखम व्हावी असं नाही, सक्रिय सेवेत कर्तव्यावर असताना झालेली दुखापत चालते. ट्रेनिंगची जखमही चालते. नवरा-बायको, आई-वडील, मुलं आणि यांच्याशिवाय सर्वांत जवळचा रक्ताचा नातेवाईक ही रजा घेऊ शकतो. हा जवळचा नातेवाईक कोण, तर जवानाने लेखी नाव दिलं असेल तर ते पहिलं, नाहीतर आधी ज्याच्याकडे त्याचा कायदेशीर ताबा होता तो, मग भावंडं, मग आजी-आजोबा, मग काका-मामा-आत्या-मावशी, मग चुलत-आते-मामे भावंडं.

मला लष्कराकडून प्रवासाचा आदेश आला होता, इन्व्हिटेशनल ट्रॅव्हल ऑर्डर म्हणतात. गंभीर जखमी जवानाच्या घरच्यांना रुग्णालयात बोलावतात तो कागद. तो दाखवला की कंपनीला डब्ल्यूएच-३८५ फॉर्मच्या जागी तोच स्वीकारावा लागतो, आदेशाच्या मुदतीपुरता. एचआरला मी नियम छापून दाखवला आणि अर्ज मंजूर झाला. ब्रुक आर्मी मेडिकल सेंटरजवळ फिशर हाउसमध्ये राहिले, जखमींच्या नातेवाइकांना तिथे राहायला पैसे पडत नाहीत. तिथल्या इतर आयांनी मला जे शिकवलं ते मी इथे लिहिते आहे.

मुलगा सेवेतून बाहेर पडला असेल तरी पाच वर्षांपर्यंत ही रजा मिळू शकते, सेवामुक्ती बदनामीची नसली पाहिजे. त्यासाठी फॉर्म डब्ल्यूएच-३८५-व्ही.

वृषाली_गार्ड

ताई, तुमच्या मुलाला लवकर बरं वाटो. मी दुसऱ्या बाजूचं लिहिते. माझा नवरा नॅशनल गार्डमध्ये (राज्यांच्या राखीव सेनेत) आहे आणि त्याच्या युनिटला परदेशी डिप्लॉयमेंटची ऑर्डर आली. जखम नसतानाही घरच्यांना रजा मिळते, तिला क्वालिफाइंग एक्झिजन्सी म्हणतात, नेहमीच्या १२ आठवड्यांतली. सात किंवा कमी दिवसांच्या सूचनेवर निघावं लागलं तर त्या धावपळीसाठी सात दिवस. मुखत्यारपत्र, बँक, विमा, मुलांच्या शाळेची बैठक, निरोपाचा समारंभ, परतल्यानंतर ९० दिवसांतले कार्यक्रम. तो मध्येच विश्रांतीच्या सुट्टीवर घरी येतो तेव्हा त्याच्याबरोबर राहायला १५ दिवसांपर्यंत. ऑर्डरची प्रत आणि फॉर्म डब्ल्यूएच-३८४ लागतो. गार्डला राज्याने पुरासाठी किंवा आगीसाठी बोलावलं तर हे लागू नाही. केंद्राची ऑर्डर आणि परदेशी तैनाती हवी.

आणि मुक्ताचा प्रतिसाद वाचून हे सांगायलाच हवं. डिप्लॉय झालेल्या माणसाच्या आई-वडिलांची सोय लावण्यासाठीही ही रजा आहे, २०१३ च्या नियमांपासून. म्हणजे नवरा परदेशी तैनात असेल आणि सासूबाई स्वतःचं स्वतः करू शकत नसतील, तर सुनेला रजा मिळते. रोजच्या कायमच्या देखभालीसाठी नाही. पर्यायी व्यवस्था लावायला, अचानक निकड आली तर करायला, केअर होममध्ये दाखल करायला. मी वापरली आहे.

मुक्ता_डॅलस

म्हणजे सासूसुद्धा बसू शकते, फक्त नवरा सैनिक हवा! वृषाली, धन्यवाद. हे सगळ्यांसाठी का नाही हा माझा प्रश्न राहीलच.

सावनी_ह्यूस्टन

दोघींनी जे लिहिलंत ते माझ्या ट्रेनिंगमध्येही इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. धाग्याच्या शीर्षकात लष्करी कुटुंबांचा उल्लेख घालते.

सातारकर_सिएटल

मी अपशिंगे मिलिटरीच्या शेजारच्या गावचा. धाकटा भाऊ आपल्या लष्करात, सध्या सीमेवर. मोठा अपघात झाला तर मला २६ आठवडे मिळतील का? आणि वडील निवृत्त हवालदार आहेत, त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचंय.

वृषाली_गार्ड

दादा, लष्करी रजा फक्त अमेरिकेच्या सशस्त्र दलांतल्यांसाठी आहे. भारतीय सेनेतल्या भावासाठी ती नाही, आणि साध्या एफएमएलएत भाऊ येत नाही. पण वडील येतात. त्यांच्या ऑपरेशनसाठी तुम्हाला १२ आठवड्यांची नेहमीची रजा मिळेल, ऑपरेशन लष्करी रुग्णालयात असो की साताऱ्यातल्या खासगी. वॉशिंग्टन राज्यात २०२० पासून भरपाई मिळणारी कौटुंबिक रजाही आहे, तिची पात्रता वेगळी तपासा.

समीर_के

सगळं वाचलं. तरी स्पष्ट बोलतो. हक्क कागदावर असतो. रजा घेऊन आलेल्याचं पुढच्या वर्षी रेटिंग पडतं, छाटणीत त्याचं नाव वर असतं. मी पाहिलंय. एच-१बीवर नोकरी गेली तर साधारण साठ दिवस हातात. लोकांना नुसतं "घ्या, घ्या" म्हणू नका.

सावनी_ह्यूस्टन

समीर, तुमची भीती खरी आहे आणि ती मी खोडणार नाही. रजेवर असलो म्हणून छाटणीतून सूट मिळत नाही. तुम्ही कामावर असता तरी ती जागा गेलीच असती तर कायदा वाचवत नाही. पण रजा घेतली म्हणून रेटिंग पाडणं, ती गैरहजेरी म्हणून मोजणं, बढती अडवणं हे बेकायदा आहे. श्रम खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे तक्रार करता येते किंवा दोन वर्षांत दावा लावता येतो, जाणूनबुजून केलं असेल तर तीन वर्षांत. म्हणूनच मी ईमेल, ईमेल करते. निघण्याआधीची चांगली रेटिंग्ज, कौतुकाच्या ईमेल यांची नोंद स्वतःजवळ असू द्या, कंपनीचे गोपनीय कागद मात्र घरी नेऊ नका.

आणि उलट बाजूही बघा. एफएमएलए न मागता चार आठवडे नाहीसा झालेला माणूस छाटणीच्या यादीत सगळ्यात आधी जातो, आणि त्याला बोलायला जागाही राहत नाही.

समीर_के

शेवटचा मुद्दा मान्य.

श्री_बफलो

आईचा कॅन्सर शेवटच्या टप्प्यात आहे. तिला एकदा काशीला जायचं आहे. एफएमएलएवर असताना तिला तिथे नेलं तर रजेचा गैरवापर म्हणतील का?

सावनी_ह्यूस्टन

श्री, यावर अमेरिकेत दोन निकाल माहितीचे आहेत. २०११ मध्ये एका बाईंनी आजारी नवऱ्याला फिलिपिन्सला श्रद्धेच्या यात्रेला नेलं होतं. कोर्ट म्हणालं, ही वैद्यकीय देखभाल नाही, रजेचं संरक्षण नाही. २०१४ मध्ये शिकागोतल्या एका लेकीने आपल्या मरणासन्न आईला तिच्या इच्छेखातर लास वेगासला नेलं, तिथे औषधं, अंघोळ, जेवण सगळं तिनेच केलं. शिकागो ज्यात येतं त्या सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने लेकीची बाजू घेतली: देखभाल घरी झाली की बाहेर, याने फरक पडत नाही.

तुम्ही न्यू यॉर्क राज्यात आहात, हे दोन्ही निकाल तिथे बंधनकारक नाहीत. म्हणून आधी लेखी विचारा. आईचं रोजचं सगळं तुम्हीच करता हे ऑन्कोलॉजिस्टना प्रमाणपत्रात लिहायला सांगा: वेदनाशामक औषधं, उठवणं-बसवणं, रात्रीची देखरेख. प्रवासातही तीच गरज असेल हे त्यांनी एका ओळीत घातलं तर उत्तम. तुमच्या राज्याची भरपाई मिळणारी कौटुंबिक रजा वेगळी आहे, तिचा अर्ज विमा कंपनीकडे वेगळा करावा लागतो, तोही आजच मागवा.

श्री_बफलो

सोमवारी ऑन्कोलॉजिस्टची अपॉइंटमेंट आहे. फॉर्म कुठे मिळेल?

सावनी_ह्यूस्टन

श्रम खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनच्या संकेतस्थळावर सगळे फॉर्म फुकट आहेत, तुमचा डब्ल्यूएच-३८०-एफ. काही कंपन्या स्वतःचा वापरतात, म्हणून उद्या सकाळीच एचआरला विचारून घ्या. अडलं तर डिव्हिजनचा फोन १-८६६-४८७-९२४३. सोमवारी दोन प्रती घेऊन जा, एकीवर डॉक्टरांची सही झाली की तिथेच फोटो काढा.